मंगळवारी आनंद कुठे जातो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बत्तीस वर्षांची एक ताई, पुण्यात परिचारिका, लिहितात: "मी ख्रिस्ती घरातच वाढले. रविवार सहसा चुकवत नाही. मागच्या वर्षी वडील गेले. त्यानंतर एका उज्जीवन सभेत खूप रडले, खूप हलकं वाटलं, वाटलं की हाच तो आनंद. पण मंगळवारच्या रात्रपाळीपर्यंत सगळं पुन्हा होतं तसंच. चर्चच्या मंडळीतले लोक म्हणतात, विश्वास कमी पडतोय. ख्रिस्तात टिकणारा आनंद मिळतो असं लहानपणापासून ऐकलंय. तो खरंच मिळतो का, आणि मिळत असेल तर मला का नाही?"

ताई, जय ख्रिस्त. छत्तीस वर्षं पाळक म्हणून काम केलं, त्यातली बरीचशी नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत आणि शेवटची काही रुग्णालयातल्या खाटांशेजारी. तुमचा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडांनी शेकडो वेळा विचारला गेला आहे. एकदा तो मी स्वतःलाही विचारला आहे, त्याचं पुढे सांगतो.

"विश्वास कमी पडतोय" हे वाक्य आधी बाजूला ठेवा. ज्यांना दुसऱ्याच्या दुःखाजवळ पाच मिनिटं गप्प बसवत नाही, त्यांच्या ते तोंडी असतं. मीही तरुणपणी ते वापरलंय आणि त्याची मला आजही लाज वाटते.

उज्जीवन सभा असते विश्वास पुन्हा जागा करायला, आणि तिथे जे झालं ते खोटं नव्हतं. वडील गेल्यावर घरात तुम्ही रडलात का? माझा अंदाज, नसाल. मयतीची कागदपत्रं, आईचं पथ्य, नातेवाइकांचा चहा, मग ड्यूटी. सभेत तास-दोन तास गाणी चालली, दिवे मंद झाले, शेजारची बाई रडायला लागली आणि तुमचा बांध फुटला. तुंबलेलं पाणी वाहून गेलं की हलकं वाटतंच, आणि ते गरजेचंही असतं. पण त्याला निचरा म्हणायचं. आनंद ही वेगळी गोष्ट आहे, आणि हा फरक न सांगता आम्ही पाळक मंडळी लोकांना सभेमागून सभेला पाठवतो. मग माणूस पुढच्या सभेची वाट बघत बसतो, आणि मधले दिवस आपण नापास झालो अशा भावनेनं काढतो.

प्रेषित पौलानं गलतीकरांना पत्र लिहिताना आनंदाला पवित्र आत्म्याचं फळ म्हटलंय. प्रीतीनंतर लगेच त्याचाच नंबर. ज्याच्या घरी एक पेरूचं झाड आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. फळ आणता येत नाही, ते येतं. आपल्या हातात आळं करणं, पाणी घालणं आणि झाड उपटून "मूळ धरलं का" म्हणून न बघणं एवढंच असतं. तुमच्या पत्रात दर दोन ओळींनी हे उपटून बघणं आहे. मला आत्ता आनंद वाटतोय का? आत्ता? आणि आत्ता? असं विचारत राहिलं तर लग्नाच्या पंगतीतसुद्धा घास कडू लागेल.

तोच पौल फिलिप्पैकरांना लिहितो, "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा; पुन्हा म्हणेन, आनंद करा." हे वचन आमच्याकडे कॅलेंडरवर गुलाबाच्या चित्राखाली छापतात. पण लिहिणारा बेड्यांत होता. सुटका होईल की मरण येईल हे त्याला माहीत नव्हतं, आणि पहिल्याच अध्यायात तो तसं स्पष्ट लिहितो. चार अध्यायांच्या त्या लहानशा पत्रात आनंद हा शब्द या ना त्या रूपात पंधरासोळा वेळा येतो. पण माझी बोट ठेवायची जागा वेगळी आहे. चौथ्या अध्यायात, पैशांची मदत पोचल्याबद्दल आभार मानताना, तो म्हणतो की आहे त्या स्थितीत संतुष्ट राहायला मी शिकलो आहे. शिकलो! दिमिष्काच्या वाटेवर येशूचा एवढा प्रकाश पाहिलेला माणूस, त्यालाही हे एका रात्रीत मिळालं नाही. विपुलतेत राहायला शिकला, टंचाईत राहायला शिकला, धरून चाला वीसपंचवीस वर्षं. मग तुम्ही एका सभेनंतर मंगळवारी नापास कशा झालात?

फिलिप्पै गावात पौल पहिल्यांदा गेला तेव्हाही तुरुंगातच पडला होता. प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय काढा. पौल आणि सीला यांना छड्यांनी फोडून काढलंय, पाय खोड्यात आहेत, आणि मध्यरात्री ते गात आहेत. यावरचं प्रवचन बहुधा भूकंपावर संपतं, दारं उघडली, साखळ्या गळाल्या. मला मात्र पुढचा बंदिशाळेचा नायक जास्त आवडतो. तो त्या रात्री जीव द्यायला निघाला होता, तलवार उपसून. थोड्या वेळानं तो काय करतो, तर दोन कैद्यांच्या पाठीवरच्या जखमा धुतो, त्यांना घरी नेऊन जेवायला वाढतो. आणि मग ते पुस्तक लिहिणारा लूक सांगतो की त्याला घरच्या सगळ्यांसह आनंद झाला. जखमा धुणारे हात तुम्हाला मी काय सांगू, तुमचं ते रोजचं काम आहे.

आता जरा गावातली गोष्ट. "आनंद करा" या वचनाच्या दोनच वचनं आधी काय आहे, ते फार थोडे बघतात. तिथे युवदिया आणि सुंतुखे या दोन बायकांची नावं आहेत. दोघीही सुवार्तेच्या कामात पौलाबरोबर राबलेल्या, आणि दोघींचं बिनसलेलं. पौल एकीला विनंती करतो, मग दुसरीला पुन्हा वेगळी विनंती करतो, की एकचित्त व्हा. एकीला आधी आणि दुसरीला नुसतं "आणि" म्हणून जोडलं असतं तर तेवढ्यावरून आणखी एक भांडण झालं असतं, असं आमची पाळकीणबाई म्हणायची. महिला मंडळ तिनं वर्षानुवर्षं चालवलं, त्यामुळे तिला अधिकार होता.

माझा अनुभव असा, की मंडळीतल्या माणसाचा आनंद आजारानं किंवा गरिबीनं जितका जातो, त्याहून जास्त धरून ठेवलेल्या रागानं जातो. एक म्हातारे होते, पन्नास वर्षांचे सभासद, पवित्र शास्त्र तोंडपाठ. सख्ख्या भावाशी विहिरीच्या पाळीवरून अठरा वर्षं अबोला. प्रभुभोजनाला दोघे देवळाच्या दोन टोकांना बसायचे. ते मला म्हणायचे, "पाळकसाहेब, वचन वाचतो पण कोरडं लागतं." मी तीनदा गेलो, तीनदा चहा पिऊन परत आलो. चौथ्यांदा मी काही बोललो नाही, त्यांना मोटरसायकलवर मागे बसवलं आणि भावाच्या ओट्यावर नेऊन उतरवलं. दोघेही खूप वेळ गप्प. मग धाकटा आत गेला आणि पाण्याचा तांब्या घेऊन आला. एवढंच झालं. विहिरीचा प्रश्न त्यानंतरही सुटला नाही, पाळीवरून कुरबूर चालूच राहिली. पण त्या रविवारी म्हातारे गाण्यात सूर सोडून इतक्या मोठ्यानं गात होते की पेटीवाला वैतागला. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो, अर्पण वेदीजवळच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. हे मला आनंदाबद्दलचं सर्वांत व्यवहारी वचन वाटतं, जरी त्यात तो शब्द नाही.

आनंद परिस्थितीवर अवलंबून नसतो, असं म्हणणं सोपं आहे. ते बघितलेलं सांगतो. 1972च्या दुष्काळात मी सोळा वर्षांचा होतो. आई-वडील दोघंही खडी फोडायला जायचे. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापली की कडेनं चिरायची. आमच्याकडे कापणीचा सण मोठा असतो. एरवी देवळात पुढच्या मेजावर बाजरीची कणसं, भोपळे, एखादी पाय बांधलेली कोंबडी अशी रास लागते आणि उपासना झाली की तिचा लिलाव होतो. त्या साली कापायलाच काही नव्हतं. सण करायचा की नाही यावर पंचांत वाद झाला. शेवटी पाळक म्हणाले, करायचा.

माझ्या आजीनं पदराच्या टोकाला बांधून मूठभर मिलो नेली होती, रेशनचीच. कुणी एक कांदा ठेवला, कुणी गोवऱ्या. पाळकांनी हबक्कूक संदेष्ट्याचा तिसरा अध्याय वाचला. अंजिराला फूल नाही, द्राक्षीला फळ नाही, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराठायी हर्ष करीन. "गोठ्यात गुरं नाहीत" यावर मागून एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "अगदी खरं हाय." सगळ्यांची गुरं विकून किंवा छावणीत गेलेली. मग लिलाव. आजीची मिलो पुकारली गेली. चार आणे, आठ आणे, आणि पाळकांनी स्वतः रुपया लावून ती घेतली आणि तिथल्या तिथे आजीच्याच पदरात परत ओतली. आजी म्हणाली, "आता पुन्हा विका." त्यावर देवळात जे हसू फुटलं, ते मला आजही ऐकू येतं. बायका डोळे पुसत हसत होत्या. दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा खडीवर.

त्या हसण्याला मी आयुष्यभर मोजमाप म्हणून वापरत आलोय. त्यात कुणी स्वतःला फसवत नव्हतं. हबक्कूकानं आधी काय काय नाही याची पूर्ण यादी वाचली, एकही गोष्ट न गाळता. "तरी" हा शब्द त्यानंतर आला. जिथे यादी वाचायला बंदी असते, तिथला "तरी" पोकळ वाजतो.

तुम्ही म्हणता, लहानपणापासून चर्चला जाते तरी असं का. पंडिता रमाबाईंचं उदाहरण देतो. पूर्वीच्या दुष्काळात त्यांचे आई-वडील आणि बहीण गेली, मग 1880 साली भाऊ, 1882 साली नवरा, पदरात लहानगी मनोरमा. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला काय उमगलं ते त्यांनी पुढे आपल्या साक्षीत प्रांजळपणे लिहिलं आहे. त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा जीव असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. ही आठ वर्षं रिकामी नव्हती. त्यांनी अमेरिका गाठली, निधी उभा केला, 1889 साली मुंबईत शारदा सदन सुरू केलं. एवढं सगळं करणारी बाई सांगते की आत काहीतरी हरवलेलंच होतं.

मग काय बदललं? आपण सुधारून, शिकून, काम करून देवासमोर उभं राहण्यालायक व्हायचं, ही धडपड त्यांनी खाली ठेवली. जशी आहे तशी पदरात घेतली गेले, हे त्यांना कळलं. ख्रिस्ती आनंदाचं मूळ मला तरी इथेच दिसतं. क्षमा झालेली आहे, कर्ज फेडलं गेलेलं आहे, आणि आता जे करायचं ते कर्ज फेडण्यासाठी करायचं नाही. सावकाराच्या वहीतलं नाव खोडलं गेल्यावर माणूस कसा चालतो ते आमच्या भागात लोकांनी पाहिलंय. काम तेवढंच असतं, पण चाल वेगळी असते. 1896-97च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावला आणल्या, त्या या दुसऱ्या चालीनं. आणि दुःख संपलं का? नाही. 1921 साली मनोरमा गेली, आईच्या आधी. रमाबाई त्यानंतर वर्षभरही राहिल्या नाहीत, 5 एप्रिल 1922 ला गेल्या. त्या शेवटच्या दिवसांतही बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नव्हतं. त्यांना त्या दिवसांत "आनंद वाटत" होता का, हे मला विचारू नका. मुलगी गेलेल्या आईला असं विचारायचं नसतं. पण ज्याच्या हाती आपण आहोत त्याचा हात त्यांनी सोडला नाही, आणि त्या हातानं त्यांना सोडलं नाही.

आता माझं. माझी पत्नी, म्हणजे वर सांगितलेली पाळकीणबाई, गेली तेव्हा मी रुग्णालयात इतरांना धीर द्यायचं काम करत होतो. तिच्यानंतर जवळजवळ आठ महिने मला गाता आलं नाही. प्रवचन यायचं, वचनं यायची, गाणं सुरू झालं की घसा बंद. रविवारी पुढे उभा राहून मी नुसते ओठ हलवायचो. एका जुन्या भजनकऱ्यानं ते ओळखलं. तो मला म्हणाला, "साहेब, तुम्ही नका गाऊ. आम्ही झील धरतो." कीर्तनात पुढच्याचा दम संपला की मागचे झील धरतात, गाणं तुटू देत नाहीत. आठ महिने त्या मंडळीनं माझा आनंद माझ्या वतीनं गाऊन सांभाळला. नवव्या महिन्यात एका साध्या बुधवारच्या प्रार्थनेत, पाचसहा माणसं असताना, मी धृपद म्हणतोय हे माझ्या लक्षात आलं. कधी सुरू केलं ते कळलंच नाही.

म्हणून मी माणसांना सांगतो की आनंद एकट्याच्या छातीत शोधू नका. तो मंडळीत असतो, कधी तुमच्या वाट्याला गाणं येतं, कधी नुसतं ऐकणं. तुमच्या चर्चमध्ये झील धरणारं कुणी नसेल, तर दुसरं चर्च शोधण्यात पाप नाही.

स्तोत्र 88 तुम्ही कधी वाचलंय का? ते अंधारावर संपतं. शेवटी "तरी मी तुझी स्तुती करीन" अशी ओळ नाही. ज्यांनी स्तोत्रं गोळा केली त्यांनी ते काढून टाकलं नाही, ठेवलं. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या एका बापाला मी ते वाचून दाखवलं होतं. तो म्हणाला, "हे बायबलमध्ये आहे?" आणि पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलला. वडिलांसाठी रडायला तुम्हाला सभेची वाट बघावी लागू नये. घरीच, देवासमोर, मोठ्यानं तक्रार करा. त्याला सवय आहे.

एक गोष्ट परिचारिकेला सांगताना संकोच वाटतो, पण सांगतो. राजांच्या पहिल्या पुस्तकात एकोणिसाव्या अध्यायात संदेष्टा एलीया ईजबेल राणीला भिऊन पळतो आणि रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर त्यानं स्वर्गातून अग्नी उतरलेला पाहिलाय, म्हणजे एवढी मोठी उज्जीवन सभा कुणी पाहिली नसेल. देवदूत येतो तो उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई, "ऊठ, खा." एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येऊन पुन्हा जेवूच घालतो. देवाचा प्रश्न त्यानंतर, चाळीस दिवसांनी. सलग रात्रपाळ्या, अर्धा डबा, चार तासांची झोप, आणि वर "माझा विश्वास कमी", ही जोडी मी फार पाहिली आहे.

आणि झोप-जेवण सुधारूनही दोन-तीन आठवडे सकाळी उठणं डोंगरासारखं वाटत असेल, कशातच रस नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याला आपण अविश्वासू म्हणत नाही. मी स्वतः लोकांना डॉक्टरांच्या दारापर्यंत सोडायला गेलोय आणि बाहेर बाकावर बसून प्रार्थना केली आहे. दोन्ही कामं देवाचीच.

दुसरी सूचना पैशांची. "इतकं बियाणं पेरा, आनंदाचं पीक येईल" म्हणून दान मागणाऱ्यांपासून लांब राहा. मुलीच्या फीचे पैसे असे देऊन बसलेली माणसं माझ्याकडे आली आहेत. दान आनंदानं द्यायचं असतं, आनंद विकत घेण्यासाठी नव्हे.

तुम्ही काय करावं असं विचाराल, तर फार नाही. ज्या एका माणसाचं नाव हे वाचताना मनात आलं असेल त्याला फोन करा. माफी मागायची की द्यायची ते फोन लागल्यावर कळेल. रोज ड्यूटीवरून येताना त्या दिवसाचा एक उपकार कुठेतरी लिहा, पण नेमका लिहा. "देवा, सर्वांसाठी धन्यवाद" असं नको. "सात नंबरच्या आजींनी आज दोन घास खाल्ले" असं. आणि मला आनंद वाटतोय का हे विचारणं महिनाभर बंद करा. त्याऐवजी, आज मी कुणाची आहे, एवढंच म्हणा.

उद्याची पाळी संपवून घरी आलात की आधी जेवा आणि झोपा. उठल्यावर स्तोत्र 13 काढा, सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत दावीद चार वेळा विचारतो, कोठवर. तेवढी मोठ्यानं वाचा, वडिलांची आठवण मनात ठेवून. शेवटच्या वचनात तो गातो खरा. पण चौथ्या "कोठवर"पाशी घसा दाटला, तर पुस्तक तिथेच मिटा. उरलेली चार वचनं परवा वाचली तरी चालतील.